सम्यक वाचा आणि हातातील मोबाइल

पनवेलहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकापाशी चौथा प्रवासी येतो, तेव्हा बसलेले तिघे न बोलता थोडे सरकतात. त्याचे आडनाव कोणी विचारीत नाही. त्याच डब्यात, त्याच वेळी, एखादा सभ्य गृहस्थ मोबाइलवर कधीही न पाहिलेल्या माणसाच्या आई-बहिणीचा उद्धार करीत असतो. माणूस तोच, मग वाणी का पालटते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये याची कारणे मांडली. पडद्याआड आपण दिसत नाही, ओळखले जात नाही, समोरच्याची प्रतिक्रिया तत्क्षणी सोसावी लागत नाही. हे खरे आहे. पण आम्हांस ते अपुरे वाटते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर आपल्या बांधवांवर ज्यांनी लाठ्या चालविल्या, ते समोरच उभे होते. चेहरा समोर असणे ही सभ्यतेची हमी नव्हे.

आणि चेहरा समोर नसणे ही असभ्यतेची सबबही नव्हे. बाबासाहेबांच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’वर गांधीजींनी १९३६ साली ‘हरिजन’ पत्रातून टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका स्वतः छापली आणि मग तिला उत्तर दिले. उत्तर कमालीचे धारदार होते. परंतु विरोधकाचे म्हणणे वाचकापुढे ठेवल्यावाचून ते दिले नव्हते.

भगवान बुद्धांनी सांगितलेली सम्यक वाचा हीच. असत्य, चहाडी, कठोर वचन आणि निरर्थक बडबड यांपासून दूर राहणे हे शील आहे. कोण पाहत आहे यावर ते अवलंबून नसते.

जयंतीच्या दिवसांत महामानवाची विटंबना करणारे मजकूर मोबाइलवर फिरतात. आपले तरुण संतापतात आणि ‘जय भीम’ लिहून त्याखाली शिवी लिहितात. त्यांचा संताप न्याय्य आहे. अपमान मुकाट्याने गिळा, असे आम्ही कदापि सांगणार नाही. मात्र शिवीने विरोधकाचा मुद्दा तसाच उभा राहतो, आणि आपला मुद्दा ऐकलाच जात नाही.

म्हणून प्रत्येक वसतिगृहात एक साधा नियम रुजावा, असे आम्हांस वाटते: उत्तर लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने विरोधकाचे म्हणणे एका वाक्यात प्रामाणिकपणे लिहून पाहावे. ज्याला ते जमले, त्याला शिवीची गरज उरणार नाही.