कॅप भारी, पण हिरडीचं काय?

दाताची कॅप घेणं हल्ली मोबाइल घेण्यासारखं झालंय. मॉडेल कुठलं, वॉरंटी किती, ऑफर आहे का? लंच टाइमला झिरकोनिया की मेटल-सिरॅमिक यावर डबे थंड होतात. पण मंडळी, हिरडीला कुणी विचारतं का?

शहापूरजवळच्या सापगावात माझे मामा राहतात. इम्प्लांट बसला, हाडात मुरला, आणि परवा त्यांचा फोन: "काय रे, सगळ्यात महागडी कॅप घेतली की झालं ना निवांत?"

"नाही मामा," मी म्हटलं.

कारण असं, की खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते लपेटून बसतात. टायटॅनियमला हाड मात्र पक्कं धरतं. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला असे इम्प्लांट बसवले, ते याच भरवशावर. म्हणजे पाया मजबूत, पण दाराची कडी ढिली! तिथून जंतू शिरले की आधी हिरडी सुजते. तेवढ्यावर आवरलं तर ती बरी होते. पुढे हाड झिजायला लागलं, तर ते परत आणणं महाकठीण.

मग मटेरियलचा काहीच संबंध नाही? आहे ना. नीट पॉलिश केलेल्या झिरकोनियावर जंतूंचा थर कमी धरतो. पण चावा जुळवताना कॅप घासली आणि पुन्हा पॉलिशच केली नाही, तर खरखरीत जागेवर थर साचणारच. मेटल-सिरॅमिक मजबूत आणि खिशाला परवडणारी. फक्त हिरडी खाली सरकली की कडेची काळपट रेघ दिसते. धातूत निकेल असेल आणि तुम्हाला त्याची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगा.

आणि खरा व्हिलन बरेचदा वेगळाच असतो: हिरडीखाली राहून गेलेलं जादा सिमेंट. स्क्रूने बसणाऱ्या कॅपमध्ये ही भानगड नसते, शिवाय गरज पडली तर ती काढून साफ करता येते. कॅप फार फुगीर असेल, तर खाली ब्रश पोचतच नाही. मग ती कितीही महागडी असो.

मामांनी स्क्रूवाली घेतली. तंबाखूच्या डबीबद्दल मात्र वाटाघाटी चालू आहेत. तंबाखूपुढे कुठलंच मटेरियल टिकत नाही, हे त्यांना पटायचंय.

तेव्हा पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरांना चार प्रश्न विचाराच. कॅप स्क्रूची की सिमेंटची? घासल्यावर पॉलिश करणार ना? खाली छोटा ब्रश जाईल का? तपासणीला कधी येऊ? आणि ब्रशवर रक्त दिसलं, तर 'दुखत तर नाहीये' म्हणून पुढच्या शनिवारवर ढकलू नका. हे दुखणं बहुतेकदा गप्प असतं, आणि हाड शनिवारची वाट बघत नाही.