फुलोऱ्यावर निंबोळी तेल नको

कॅनडातल्या घरगुती गांजा लागवडीवरील तुमच्या लेखात (२०१८ पासून इथल्या बहुतेक प्रांतांत घरटी चार रोपांना मुभा आहे) काढणीच्या तोंडावर आलेल्या अळीवर निंबोळी तेल फवारा, असं सांगितलंय. हरभऱ्याला ते चालेल. तिथे दाणा घाट्याच्या आत झाकलेला असतो. गांजाचा फुलोराच ओढला जातो, आणि त्या चिकट फुलोऱ्यावर बसलेलं तेल धुऊन निघत नाही.

मक्याची कणसं पोखरणारी अळी, म्हणजे आपल्या घाटेअळीची चुलत बहीण, फुलोऱ्यात शिरते. बीटी जिवाणूचं औषध तिने खाल्लं तरच लागू पडतं, तेही ती लहान असताना. उन्हात त्याचा जोर काही दिवसांतच ओसरतो. खरा घात होतो तो विष्ठेने. ओल धरते, करडी बुरशी लागते आणि फुलोरा आतून सडतो.

तेव्हा विष्ठेचे काळे दाणे दिसले की फुलोरा उकलावा, अळी वेचावी, सडकं कापून फेकावं. अळ्या फारच असतील तर काढणी थोडी अलीकडे घ्यावी. काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुधा लेखकांनी ते गाळलं.

– एक वाचक, टोरोंटो