चरख्याच्या कसोटीवर संगणक

‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत देण्यात आली. परंतु त्याने प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला गेला इतकेच. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारी असंख्य यंत्रे कंपनीच्या लेखी एका दिवसात जुनी झाली. वर्धा, हिंगणघाट, आर्वी यांसारख्या गावांत तर संगणक ही दहा-बारा वर्षे वापरायची वस्तू असते. अशा यंत्राच्या मालकापुढे सहसा दोनच मार्ग ठेवले जातात. नवा संगणक घ्या, नाहीतर दुरुस्तीवाल्याकडून चारदोनशे रुपयांत चोरीची प्रत ‘टाकून घ्या’. पहिला मार्ग खर्चाचा, दुसरा बेकायदा आणि असुरक्षित. लिनक्सचा तिसरा मार्ग क्वचितच कोणी सुचवितो. सुचविलाच तर नवखा माणूस उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, बॉस अशा नावांच्या गर्दीत हरवतो.

निवड करायची तर आधी कसोटी हवी. वर्ध्याला ती बाहेरून आणण्याची गरज नाही. अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्याजोग्या आहेत. यंत्र खेड्यातल्या झोपडीत हातापायाने चालावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, ते किमान वीस वर्षे टिकावे आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. शिवाय बक्षीस हवे असेल तर संशोधकाने पेटंटचा हक्क संघाच्या स्वाधीन करावा. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभे राहिले, ते याच विचाराच्या ओघात. गांधीजींनी आज लिनक्स वापरले असते काय, हा प्रश्न निरर्थक आहे. मात्र किंमत, टिकाऊपणा, गावातली दुरुस्ती आणि रचनेवरील सामाईक मालकी हे चार निकष सामान्य माणसाच्या कोणत्याही हत्याराला लागू पडतात.

पहिल्या आणि चौथ्या निकषावर लिनक्सच्या या पाचही आवृत्त्या उतरतात. त्या फुकट मिळतात आणि त्यांचा स्रोत कोणालाही पाहता, बदलता येतो. खरा फरक टिकाऊपणात आहे. फेडोराची प्रत्येक आवृत्ती जेमतेम तेरा महिने सांभाळली जाते. जाणकाराला ती प्रिय असली तरी ज्या घरात संगणकाकडे वर्षभर कोणी लक्ष देत नाही तेथे ती सोयीची नाही. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे देखभाल मिळते. जुलै २०२४ मध्ये आलेली मिंट २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. तिची मांडणी विंडोजशी मिळतीजुळती असल्याने घरातील ज्येष्ठांनाही ती परकी वाटत नाही. म्हणून चार जीबी किंवा अधिक मेमरी असलेल्या यंत्रावर रोजच्या कामाकरिता मिंट हीच आमची पहिली पसंती. यंत्र त्याहून दुबळे असेल तर मिंटचीच ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती घ्यावी. १९९३ पासून चालत आलेले डेबियन अत्यंत भरवशाचे, पण थोडी तयारी मागणारे. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही त्याच डेबियनवर बेतलेली आहे.

हे सारे हौशी मंडळींचे खेळ आहेत असे वाटत असेल, तर न्यायालयाकडे पाहावे. ई-न्यायालय प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटूचा अवलंब केला आणि खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना केंद्रात मुक्त स्रोतावर घडली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरणही स्वीकारले. तरीही न्यायालयाच्या फाटकाबाहेर अर्ज टंकून देणाऱ्याच्या टेबलावर बहुधा विंडोजच दिसते. हे का?

याचे मोठे कारण मराठी टंकलेखनात आहे. वर्षानुवर्षांचे दस्तऐवज श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहेत आणि त्यांची सवय विंडोजशी बांधलेली आहे. लिनक्सवर युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक सहज मिळतो; रेड हॅटच्या पुण्यातील मंडळींनी सांभाळलेला ‘लोहित’ फॉन्टही त्यात असतो. परंतु जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचे कष्ट कोणाला तरी घ्यावेच लागतात. टॅली, काही स्वस्त प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारी उपकरणे यांचेही तसेच. हिशेबाचे वा सेतू केंद्राचे काम ज्या यंत्रावर चालते, ते घाईने बदलू नये हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरे कारण शिक्षणाचे. २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो मराठी माणसांना संगणकापुढे बसविले, हे मोठेच काम. मात्र ती ओळख मुख्यतः विंडोजशी झाली. केरळने शाळांमध्येच मुक्त स्रोत नेला आणि शिक्षकांना त्यात तयार केले. म्युनिक महापालिकेने मात्र २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेऊन २०१७ मध्ये माघारीचा ठराव केला. प्रणाली चांगली असून भागत नाही, तिच्यामागे प्रशासनाची इच्छा आणि माणसे टिकावी लागतात, हा त्याचा धडा.

आपल्याकडे अडते ते तिसऱ्या निकषावर, म्हणजे गावातल्या दुरुस्तीवर. उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत टपालाने फुकट घरपोच येत, तरी लिनक्स जिल्ह्याच्या गावांत रुजले नाही. कारण सीडी आली, पण शेजारी बसून शिकविणारा आला नाही. सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार तालुक्याच्या गावी जुने संगणक सुरू करून देण्यास घालविला, तर ही उणीव बरीच भरून निघेल. जिल्हा परिषदेच्या शाळांतून याची सुरुवात व्हावी.

तोवर प्रत्येकाला एक गोष्ट करता येईल. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहावे. त्यासाठी आतले काही पुसावे लागत नाही. प्रिंटर छापतो का, वायफाय जोडले जाते का आणि मराठी नीट उमटते का, या तीन गोष्टी तपासाव्यात. तिन्ही जमल्या तर आपल्या फायलींची प्रत काढून मगच मिंट कायमचे बसवावे.