कुलूप त्यांचं, किल्लीही त्यांचीच

स्विस घड्याळ, स्विस चॉकलेट, स्विस बँक. 'स्विस' म्हटलं की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही. याच भरवशावर जगातल्या 120 हून जास्त देशांच्या सरकारांनी आपल्या गुपितांची कुलपं एका स्विस कंपनीकडून विकत घेतली. गिऱ्हाइकांच्या यादीत इराण होता, लिबिया होता, अर्जेंटिनाचे लष्करशहा होते, व्हॅटिकनसुद्धा होतं. आणि आपला भारत होता. पाकिस्तानही होता. म्हणजे एकमेकांपासून गुपित राखायला दोघं एकाच दुकानात गेले, आणि दुकानाचा खरा मालक दोघांचीही पत्रं उघडू शकत होता.

कंपनीचं नाव क्रिप्टो एजी. मुख्य ठिकाण झुग शहराजवळचं स्टाइनहाउझेन. परराष्ट्र खातं, लष्कर, वकिलाती यांचे संदेश सांकेतिक करून पाठवायची मशीनं ती बनवायची. फेब्रुवारी 2020 मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, जर्मनीची झेडडीएफ वाहिनी आणि स्विस टीव्ही यांनी मिळून तिचं बिंग फोडलं. 1970 साली अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या दोन गुप्तहेर संस्थांनी मिळून ही कंपनी गुपचूप विकत घेतली होती. किंमत फक्त 57.5 लाख डॉलर. मालकी कुणाची हे कळू नये म्हणून मध्ये लिख्टेनस्टाइनमधली संस्था उभी केली. जर्मन 1993 मध्ये बाहेर पडले, अमेरिकन 2018 पर्यंत राहिले. जवळपास 50 वर्षं. आणि या सगळ्याचे पैसे कोण देत होतं? गिऱ्हाईकच की. आपलं गुपित दुसऱ्याने वाचावं म्हणून आपणच बिल भरायचं, असला धंदा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

आता हे जमायचं कसं, ते समजून घेऊ, कारण खरी मेख तिथंच आहे.

मशीन संदेशात एक आकड्यांची ओळ मिसळतं. ती ओळ पूर्ण बेभरवशाची, कुठलाच नमुना नसलेली दिसली पाहिजे. किल्ली माहीत असलेल्यालाच ती पुन्हा तयार करता येते. क्रिप्टोच्या बिघडवलेल्या मशीनमध्ये ही ओळ वरून बेभरवशाचीच दिसायची, पण आत नमुना पेरलेला असायचा. ज्याला तो माहीत, त्याचं महिन्यांचं काम चुटकीसरशी व्हायचं. म्हणजे कुलूप तुटलेलं नव्हतं, बघा. कुलूप छान होतं, वजनदार होतं, 'खट्' असा आवाजही यायचा. फक्त त्याच्या दाती अशा कापलेल्या होत्या की एक विशिष्ट तार घातली की ते उघडायचं. आणि कंपनी एकाच मॉडेलच्या दोन जाती बनवायची: दोस्तांसाठी खरी, बाकीच्यांसाठी कच्ची.

कारखान्यातल्या बहुतेक कामगारांना यातलं काही ठाऊक नव्हतं. 1978 साली तिथं एक हुशार इंजिनियर बाई लागल्या. त्यांनी आपल्याच कंपनीची मशीनं तपासली, त्यांना कच्चेपणा दिसला, आणि त्यांनी इमानदारीनं जास्त पक्की रचना तयार केली. वरच्यांची पंचाईत झाली. शेवटी त्या पक्क्या रचनेची फक्त 50 मशीनं बनवली आणि ती बँकांना विकून टाकली, म्हणजे कुठल्या सरकारच्या हाती पडायला नकोत. बँकेला खरं कुलूप, देशाला खोटं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त झोंबलेली गोष्ट हीच.

अर्जेंटिनाचं ऐका. 1982 मध्ये फॉकलंडचं युद्ध झालं. अर्जेंटिनाचे संदेश वाचले जात होते आणि माहिती ब्रिटनला मिळत होती. अर्जेंटिनाला संशय आला. कंपनीने आपला गणितज्ञ ब्युनॉस आयर्सला पाठवला. त्याने सांगितलं, तुमचं आवाज गुप्त करायचं जुनं यंत्र फुटलं असेल, पण आमचं मुख्य मशीन फुटणं शक्यच नाही. त्यांनी मानलं! पुढेही तीच मशीनं वापरत राहिले. आत बघायची सोय नसेल तर माणूस दुसरं काय करणार, विकणाऱ्याच्या शब्दावरच जाणार.

किंमत मात्र भलत्याच माणसाने मोजली. हान्स ब्युलर हा कंपनीचा विक्रेता. मार्च 1992 मध्ये त्याला तेहरानमध्ये पकडलं आणि नऊ महिने कोठडीत ठेवलं. रोज चौकशी. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, सांगणार काय? दहा लाख डॉलर भरल्यावर तो सुटला, आणि घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत कंपनीने त्याला कामावरून काढलं. इराणने मात्र लवकरच त्याच कंपनीची मशीनं पुन्हा घ्यायला सुरुवात केली. पुढं नोव्हेंबर 2020 मध्ये स्विस संसदेच्या समितीनेच सांगितलं की त्यांच्या गुप्तचर खात्याला 1993 पासून हे माहीत होतं. तटस्थ देश म्हणे!

हे वाचून आपल्यातले निम्मे जण लगेच म्हणतील, म्हणूनच सगळं स्वदेशी पाहिजे. मलाही आधी तेच सुचतं. रशिया (तेव्हाचा सोव्हिएत संघ) आणि चीन यांनी क्रिप्टोचं मशीन कधी घेतलंच नाही, त्यामुळे ते त्या जाळ्यात सापडले नाहीत, हेही खरं. पण नुसतं 'मेड इन इंडिया' लिहिलं म्हणून कुलूप पक्कं होत नाही. 'मेड इन स्वित्झर्लंड' वाचून जे फसले तेही लेबलच वाचत होते.

1883 साली ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने एक कसोटी सांगून ठेवली आहे: मशीन शत्रूच्या हाती पडलं तरी चालेल, गुपित फक्त किल्लीत असलं पाहिजे. रचना लपवून मिळणारी सुरक्षा ही सुरक्षा नव्हे. आपल्याकडं मोडी लिपीबद्दल बऱ्याच जणांचा असाच गैरसमज आहे, की ती म्हणे गुप्त लिपी होती. अहो, मोडी ही भराभर लिहायची लिपी. शिकलेल्या कुणालाही वाचता येते. आज आपल्याला येत नाही म्हणून ती सांकेतिक ठरत नाही.

केर्कहॉफ्सची कसोटी कुणी मनावर घेतली म्हणाल, तर त्याच अमेरिकेनं. 1997 मध्ये तिथल्या मानक संस्थेने नव्या सांकेतिक पद्धतीसाठी उघड स्पर्धा लावली. जगभरातून आलेल्या 15 रचना सगळ्यांसमोर मांडल्या आणि सांगितलं, फोडा. काही वर्षं जगातले गणितज्ञ त्यावर तुटून पडले. जिंकली दोन बेल्जियन तरुणांची रचना. 2001 पासून ती एईएस नावाने मानक झाली आणि 2003 मध्ये अमेरिकन सरकारने आपली सर्वोच्च गुपितंही त्यात ठेवायला परवानगी दिली. म्हणजे दुसऱ्यांना झाकलेलं कुलूप विकणारा देश स्वतःसाठी मात्र सगळ्यांनी उघडून बघितलेलं, परदेशी माणसांनी केलेलं कुलूप वापरतो. याहून मोठा पुरावा मला नको.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या सरकारने, लष्कराने वापरायची संदेशव्यवस्था इथंच बनावी, होय. पण तिची रचना उघडी पाहिजे, आणि तिला फोडायला इथल्याच विद्यापीठांतल्या पोरांना बोलवायला पाहिजे, पगार देऊन. आपल्यासाठी ही लांबची गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. सीमाभागात गावागावांतून कुणाचा तरी काका, कुणाचा भाऊ फौजेत असतो. जुलै 2020 मध्ये लष्कराने जवानांना 89 ॲप मोबाईलवरून काढायला सांगितली, तेव्हा कितीतरी घरांत आई विचारत होती, मग आता पोराचा फोटो बघायचा कसा? त्याच वर्षी लष्कराने 'साई' नावाचं स्वतःचं संदेश ॲप आणलं. चांगलंच केलं. त्याची तपासणीही करून घेतली होती. तपासणारे हात आणखी वाढावेत, एवढंच मी म्हणतो.

गणित पक्कं असलं तरी माणूस कच्चा राहतोच, हे वेगळं सांगायला नको. मार्च 2025 मध्ये अमेरिकेचे बडे अधिकारी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलवर करत होते आणि त्या ग्रुपमध्ये चुकून एक पत्रकार घेतला गेला होता. सिग्नलचं कुलूप कुणी फोडलं नाही. यांनीच दार उघडून पाहुण्याला आत बसवलं.

बेळगावात, निपाणीत दरवर्षी फायनल इयरची कितीतरी पोरं प्रोजेक्ट म्हणून चॅट ॲप करतात. यंदा कुणी करालात तर गुप्त करायची पद्धत मनाने रचू नका, एईएससारखी तपासलेली घ्या. सगळा कोड उघडा टाका, आणि दुसऱ्या कॉलेजच्या गटाला द्या फोडायला. त्यांनी फोडला, तर पावशेर कुंदा तुमच्याकडून.