यंत्राची उंची मोजणारे वाचक

‘युद्धाच्या गोष्टीतलं बायकांना काय कळतंय!’ हे वाक्य मी परभणीत ऐकलंय, झरीतही ऐकलंय. आता त्याचा समाचार घ्यायलाच हवा. निमित्त आहे एच. जी. वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चं. ही 1898 सालची इंग्रजी कादंबरी. मंगळावरचे जीव तीन पायांच्या अवाढव्य यंत्रांत बसून इंग्लंडवर चालून येतात, किरणांनी माणसं जाळतात, काळा विषारी धूर सोडतात. झरीत बायांच्या आणि पोरांच्या वेगवेगळ्या बैठकांत मी ही गोष्ट मराठीत करून सांगितली आणि मतं विचारली.

पोरांची मतं यंत्राभोवतीच फिरली. ते किती उंच, तोफेनं पडतं का, आपला रणगाडा त्याच्यापुढं टिकेल का? ऐकायला मजा येते, नाही म्हणत नाही. बायांनी विचारलं, घरदार सोडून पळणाऱ्यांनी खाल्लं काय? लेकुरवाळीनं काय केलं? गोष्ट सांगणाऱ्याची बायको एवढा वेळ कुठं होती? यावर एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी निकाल दिला, ‘‘बायकांनी युद्धाचा पार संसार करून टाकला.’’

वेल्सनं काय लिहिलंय ते या गृहस्थांनी पुन्हा एकदा पाहावं. लंडनमधून जीव घेऊन पळणाऱ्यांचा लोंढा त्यानं पानंच्या पानं रंगवलाय. पहिल्याच प्रकरणात तो टास्मानियातल्या मूळ लोकांच्या युरोपियनांनी केलेल्या संहाराची आठवण देतो. शेवटी मंगळवाले मरतात ते तोफांनी नव्हे, साध्या जंतूंनी. म्हणजे कादंबरीच्या गाभ्याला हात घातला तो बायांनी!

आणि बायांना यंत्र कळत नाही असं कोण म्हणतं? मळणीयंत्रात पदर अडकला तर काय होतं, हार्वेस्टर शेतात शिरला की कापणीचे किती रोज बुडतात, हे आमच्या मजूर बाया बोटांवर मोजून सांगतील. यंत्राकडे चालवणाऱ्याच्या जागेवरून बघायचं की खालून, एवढाच फरक आहे. खालून बघणाऱ्याचं मत हे मतच नाही, असं ठरवलं कुणी?

आपल्यातल्याही काही जणी म्हणतात, यंत्रात एक बाई बसवा, झालं. वेल्सकडे मिस एल्फिन्स्टन आहेच, लुटारूंवर पिस्तूल झाडणारी. 2016 साली आपल्या हवाई दलात तीन मुली लढाऊ वैमानिक झाल्या, त्यांचं कौतुकच आहे. पण बाई वर बसली म्हणून खालच्या बाईचा प्रश्न मिटत नाही.

रोकेया सखावत हुसेन यांनी 1905 सालीच वेगळी वाट धरली होती. त्यांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’मध्ये पुरुष सैन्य वाढवत असतात, तेव्हा बायकांची विद्यापीठं पावसाचं पाणी आणि सूर्याची उष्णता साठवायला शिकतात. पुरुष लढाई हरतात. मग बायका तीच उष्णता शत्रूवर सोडून त्याला पळवून लावतात. नंतर पुरुष पडद्यात, स्वयंपाकही त्यांच्याकडं. ही गोष्ट झरीत थोडक्यात सांगितली, तर एक आजी म्हणाल्या, ‘‘शत्रूच्या शिपायालाबी माय असंलच की.’’ याचं उत्तर रोकेयांकडेही नाही, माझ्याकडेही नाही.

पुढच्या महिन्यात ती पूर्ण वाचणार आहोत, बाया आणि पोरं एकाच सतरंजीवर. त्या गृहस्थांनाही निरोप धाडलाय. चहाची पाळी पोरांची आहे.