थकवा म्हणजे पाचारण नव्हे

यंदाच्या पाचारण रविवारी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात युवकांसाठी एक व्याख्यान ठेवण्यात आले होते. हा रविवार ख्रिस्तसभा 1964 पासून पाळत आली आहे. धर्मगुरुपदासाठी व व्रतस्थ जीवनासाठी तरुणांनी पुढे यावे म्हणून त्या दिवशी प्रार्थना केली जाते. एखादा सेमिनरीचा विद्यार्थी किंवा एखादी धर्मभगिनी येऊन चार शब्द सांगते, आया जरा चुळबुळतात, मुले घड्याळाकडे पाहतात, हा आजवरचा शिरस्ता. यंदाचे वक्ते मात्र निराळे होते. सतरा वर्षे एका बहुराष्ट्रीय कंपनीत मोठ्या हुद्द्यावर काढून त्यांनी राजीनामा दिला होता आणि आता ते ‘लाइफ कोच’ झाले होते. बोलले उत्तम. आपण कसे खचलो, सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये उभ्या उभ्या आपल्याला कसे रडू कोसळले, हे त्यांनी सांगितले तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुजसुद्धा थांबली. ‘देवाने मला हाक दिली आणि मी ती ऐकली’ या वाक्याने त्यांनी समारोप केला. खुर्च्यांवर आधीच ठेवलेल्या पत्रकात त्या हाकेचे दर छापलेले होते : बारा बैठका, छत्तीस हजार रुपये, धर्मग्रामस्थांना दहा टक्के सवलत.

त्या गृहस्थांशी माझे वैर नाही. माणूस प्रामाणिक वाटला. माझे भांडण आहे ते त्यांनी उचललेल्या शब्दाशी आणि तो शब्द त्यांच्या हाती इतक्या सहजपणे देऊन टाकणाऱ्या आपल्या सर्वांशी.

आधी जे मान्य करायचे ते करून टाकतो. वसईतून रोज मुंबईला जाऊन कंपन्यांत राबणाऱ्या आपल्या मुलामुलींचा थकवा खोटा नाही. ‘आमच्या वेळी आम्हीसुद्धा गाडीला लटकतच जात होतो’ असे सांगणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमची कचेरी साडेपाचला बंद होत असे आणि फाइल कपाटात राहत असे. आज कचेरी फोनमध्ये शिरून जेवणाच्या पानावर, कुटुंबाच्या रोझरीत, आजारी बापाच्या उशाशी येऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या वर्गीकरणात या खचण्याची नोंद केली तेव्हा तो आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे, कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून ती उद्भवते, असे स्पष्ट म्हटले. म्हणजे मूळ कामाच्या जागी आहे. जिथे रोज खोटे बोलावे लागते, जिथे शरीर मोडते, ती नोकरी उद्या सोडायची असेल तर आज सोडावी. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि देवाच्या नावाचीही नाही.

इथूनच माझा मतभेद सुरू होतो. ‘मी थकलो, म्हणून सोडले’ हे सरळ, स्वच्छ वाक्य आहे. त्याच्या जागी ‘मला पाचारण झाले’ हे वाक्य का येते? कारण पहिल्या वाक्यानंतर माणूस थकलेलाच राहतो. दुसऱ्यानंतर तो संदेष्टा होतो. आणि थकलेल्या माणसाकडून कोणी काही विकत घेत नाही.

लोयोलाच्या संत इग्नाशियसइतका या विषयाचा अभ्यास आपल्या परंपरेत क्वचितच कोणी केला असेल. 1521 साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे मन पालटू लागले, पण येशूसंघाला पोपमहोदयांची मान्यता मिळेपर्यंत 1540 साल उजाडले. मध्ये एकोणीस वर्षे गेली. त्या वर्षांत तो तप करीत होता, चुकत होता, भिक्षा मागत होता, आणि तिशी उलटल्यावर लहान पोरांच्या शेजारी बसून लॅटिन शिकत होता. त्याच्या ‘आध्यात्मिक साधने’तील एक नियम असा आहे की, मन उदास व कोरडे झालेले असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, त्या अवस्थेत कानाशी लागणारा सल्लागार बहुधा चांगला नसतो. दुसरे मार्गदर्शन त्याने साधना देणाऱ्यासाठी लिहून ठेवले : साधकाला या किंवा त्या जीवनमार्गाकडे ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्यावर राहावे. आता पत्रकातील छत्तीस हजार या तराजूच्या कोणत्या पारड्यात पडतात ते वाचकांनीच पाहावे. उदास माणसाला उदासीतच गाठायचे, त्याच उदासीला देवाची हाक म्हणायचे आणि निर्णय झाला की त्याचे पैसे घ्यायचे, हा व्यवहार इग्नाशियसच्या दोन्ही नियमांच्या नेमका उलट आहे.

पवित्र शास्त्रात थकलेली माणसे पुष्कळ आहेत. एलीया संदेष्टा रानातल्या एका झुडपाखाली मरण मागत पडला. देवदूताने त्याला जीवनहेतू विचारला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले. पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. पुढे होरेब डोंगरावर देव बोलला तेही, आल्या वाटेने परत जा आणि उरलेले काम कर, असेच. मोशेची कथा तर आजच्या कचेरीचीच कथा आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटा लोकांचे तंटे सोडवीत बसे. सासरा इथ्रो भेटीला आला, त्याने दिवसभर हा प्रकार पाहिला आणि म्हणाला, अशाने तू झिजून जाशील. ‘तुझी खरी आवड कशात आहे?’ असे त्याने विचारले नाही. कामाची वाटणी कर, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम, असे सांगितले आणि तो आपल्या मुलखाला निघून गेला. जगातला पहिला कोच म्हणायचा तर त्यालाच म्हणावे! त्याने माणसाला कामापासून तोडले नाही. कामाची रचना बदलायला लावली. फीचा उल्लेख निर्गमाच्या पुस्तकात नाही.

व्याख्यानातले आणखी एक वाक्य माझ्या मनात सलते. ‘अर्थशून्य नोकरीत आयुष्य घालवू नका.’ सभागृहात रेल्वेच्या कारखान्यातले फिटर होते, महापालिकेच्या इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका होत्या, तीस वर्षे लेजर लिहिलेले कारकून होते. त्यांनी कोणती अर्थशून्य नोकरी केली? त्यांच्याच पगारातून हे सभागृह बांधले गेले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात कामाची प्रतिष्ठा कामाच्या प्रकारावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते, हे विस्ताराने मांडले. नासरेथच्या सुताराने आयुष्यातली बहुतेक वर्षे रंधा मारण्यात घालवली. त्या वर्षांविषयी शुभवर्तमान जवळजवळ गप्प आहे. त्यांना कोणी वाया गेलेली वर्षे म्हणत नाही.

आता धंद्याकडे वळू. कोचांची सर्वांत मोठी संघटना 1995 साली अमेरिकेत स्थापन झाली. तिच्याच 2023 च्या अहवालाप्रमाणे तेव्हा जगात सुमारे 1 लाख 9 हजार कोच होते; 2019 साली ही संख्या 71 हजार होती. करोनाच्या त्या तीन-चार वर्षांत दीडपट! आपल्याकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर 1992 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. ‘लाइफ कोच’ म्हणवून घेण्यासाठी व्हिजिटिंग कार्ड पुरते. या क्षेत्रात अभ्यासू व सचोटीची माणसे नाहीत असे मी म्हणत नाही. पण धंद्याची रचना पाहा. नोकरी सोडून आलेल्या कोचाचे गिऱ्हाईक कोण? नोकरीत अडकलेला, थकलेला माणूस. तो सुटला की काय होतो? पुष्कळदा कोच होतो, कारण जवळून पाहिलेला दुसरा मार्ग त्याच्यापाशी नसतो. मग त्यालाही थकलेली गिऱ्हाइके हवीत. कंपन्या माणसे पिळत राहिल्या तरच हे ‘ध्येयनिष्ठ’ दुकान चालते. ज्या दुखण्यावर आपली चूल पेटते ते समूळ बरे व्हावे अशी मनापासून प्रार्थना करणे फार कठीण असते.

हे मी तर्काने लिहीत नाही. मी आयुष्यभर बँकेत होतो, म्हणून गावातली माणसे कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. काही महिन्यांपूर्वी एक बाई पिशवीतून कागद काढून म्हणाल्या, “भाऊ, ह्यातलं काय ते तुम्हीच बघा, मला तर कळत नाही.” मुलाने चांगली नोकरी सोडली होती. भविष्य निर्वाह निधीतली रक्कम काढून कोचिंगच्या प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम केला होता. दुसरा, ‘वरच्या पातळीचा’ अभ्यासक्रम हप्त्यांवर घेतला होता. घराच्या कर्जाचे तीन हप्ते थकले होते. गिऱ्हाईक एकच, तेही मावसभाऊ. सून शाळेत शिकवते. घर तिच्या पगारावर चालले होते आणि पहाटे साडेचारला उठून ती शिकवण्याही घेत होती. मुलगा मला म्हणाला, “काका, आता कुठं मला माझा पर्पज सापडलाय.” त्याच्या डोळ्यांत तेज होते हे खरे. मी त्याच्या पत्नीकडे पाहिले. दोघांपैकी खचलेले आता कोण होते, ते सांगायला कोच लागत नव्हता.

त्या मुलाला मी फारसे बोललो नाही, कारण मला बोलायचा अधिकार बेताचाच आहे. 2001 साली सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत मीही बाहेर पडलो. समाजसेवेसाठी सोडतो आहे, असे मी निरोपसमारंभात सांगितले आणि टाळ्या घेतल्या. खरे कारण बदलीचा हुकूम होते. पुढे जी काही सेवा हातून घडली ती घडली, पण त्या दिवशी मी देवाचे नाव अर्जातल्या रिकाम्या रकान्यासारखे वापरले होते.

कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे असे प्रभूनेच म्हटले आहे, मग कोचाने फी का घेऊ नये, असा प्रश्न मला त्याच संध्याकाळी एका तरुणाने केला. जरूर घ्यावी. डॉक्टर घेतो, वकील घेतो. पण डॉक्टर आपल्या विद्येचे पैसे घेतो. रोग्याच्या तापाला तो देवाची वाणी म्हणत नाही. करिंथमध्ये पौल अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत असे. तंबूचे पैसे तो घेई. शुभवर्तमान मात्र तो विनामूल्य सांगे आणि याचा त्याला अभिमान होता. कोचाने आपले कौशल्य विकावे, वेळेचे दर लावावेत, पावती द्यावी. त्यात पाचारण हा शब्द मिसळू नये, म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाही.

माझी खरी खंत निराळीच आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांत कामाचे दैनिक तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. त्या महिन्यात आमच्या धर्मग्रामात या विषयावर एक शब्द कोणी उच्चारला नाही; मीही नाही. तेरावे लिओ यांनी 1891 साली ‘रेरुम नोवारुम’ काढून कामगारांच्या विश्रांतीचा, संघटनेचा आणि न्याय्य वेतनाचा हक्क मांडला. 2025 साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव त्याच वारशाची आठवण ठेवून घेतले. आणि आपण? सर्वांचे तास वाढतात तेव्हा गप्प बसतो आणि एकेकट्याला त्याचा हेतू शोधून देण्यासाठी सभागृह उघडतो.

आपले पूर्वज असे नव्हते. वसईचा शेतकरी सावकाराच्या पाशात होता तेव्हा मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी 1918 साली पतसंस्था काढली. आजची बसीन कॅथॉलिक बँक ती हीच. कर्जात बुडालेल्या माणसाला कोणी ‘स्वतःला ओळख’ असे सांगितले नाही. त्याला रास्त व्याजाने कर्ज दिले आणि त्याच्याबरोबर शेजाऱ्यालाही सभासद करून घेतले. वसईची हिरवी जमीन गिळली जाऊ लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे माणसे रस्त्यावर आली, ती आपापला पर्पज शोधायला नव्हेत. आजही आयटीतली, बँकांतली, कॉल सेंटरांतली शेकडो मुले एकाच मिस्सेला येतात आणि आपापले दुखणे आपापल्या खिशात ठेवून घरी जातात. महिन्यातून एका रविवारी त्यांना एकत्र बसवावे, चहा द्यावा, कामगार कायदा जाणणारा एखादा वकील बोलवावा, ज्याची नोकरी गेली त्याचे हप्ते कसे निभावतील ते पाहावे. ज्याला खरोखर पाचारणाचा विचार करायचा आहे त्याच्यासाठी धर्मगुरूंचे दार आहे, आणि त्या दारावर दरपत्रक नाही.

आर्थिक समितीच्या बैठकीत मी चौकशी केली तेव्हा कळले की व्याख्यान पाचारणाविषयी असल्याने सभागृहाचे भाडे माफ करण्यात आले होते. पुढच्या खेपेस मागणी आली तर सभागृह जरूर द्यावे. पण दुसऱ्या एखाद्या रविवारी, आणि लग्नाच्या जेवणावळीला आपण जे घेतो त्या भाड्याने.