प्रोग्रामिंगची उमेदवारी

सुताराचा मुलगा रंधा धरायला शिकतो, तो व्याख्यान ऐकून नव्हे. आधी तो जाणत्या कारागिराचा हात पाहतो, मग स्वतः रंधा चालवतो, चुकतो आणि तिथल्या तिथे सुधारतो. संगणकाचे प्रोग्रामिंगही असेच हाताने शिकण्याचे काम आहे. विद्यापीठांनी मात्र ते दीर्घकाळ फळा आणि व्याख्यान यांच्या भरवशावर सोडले. परिणाम काय झाला? बेनेडसेन आणि कॅस्परसन या डेन्मार्कमधील अभ्यासकांनी अनेक देशांतील विद्यापीठांकडून माहिती मिळवून २००७ साली प्रसिद्ध केली. पहिल्याच अभ्यासक्रमात सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी अपयशी ठरत असल्याचे तीत दिसले.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाने २०१० साली या दुखण्यावर उमेदवारीचा उपाय योजला. व्याख्याने मोजकीच ठेवली. शिक्षकाने विद्यार्थ्यांदेखत प्रोग्राम लिहायचा आणि आपण काय विचार करतो आहोत, हे बोलून दाखवायचे. पहिल्या आठवड्यापासून विद्यार्थ्यांनी छोटे छोटे अनेक प्रोग्राम स्वतः लिहायचे. प्रयोगशाळेत फिरणाऱ्या मार्गदर्शकांनी तयार उत्तर द्यायचे नाही. पुढची पायरी दिसेल एवढाच आधार द्यायचा आणि विद्यार्थी सावरला की तोही काढून घ्यायचा. विहावाइनेन, पाक्सुला आणि लुक्काइनेन यांनी २०११ साली या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. उत्तीर्णांचे प्रमाण वाढले होते.

'हे तर आमच्याकडे पूर्वापार होते' असे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. गुरूसमोर बसून तालीम घेण्याची परंपरा आपली आहेच. पण तिचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाच्या अनेक महाविद्यालयांत काय चालते? प्रात्यक्षिकांची जर्नले एकमेकांची पाहून उतरवली जातात आणि परीक्षेत पाठ केलेला प्रोग्राम कागदावर लिहिला जातो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात तयार उत्तर हाती देते. अशा वेळी जर्नलावरील सहीला अर्थ तो काय उरला?

शिकणाऱ्याच्या शेजारी उभी राहणारी माणसे आणायची कोठून, हा आक्षेप रास्त आहे. वरच्या वर्गातील निवडक विद्यार्थ्यांना मानधन देऊन मार्गदर्शक नेमणे, हे त्याचे एक उत्तर. शिकवता शिकवता त्यांचेही ज्ञान पक्के होईल. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते. प्रयोगशाळेतील दोन तास कसे वापरायचे, हे बव्हंशी महाविद्यालयाच्याच हाती असते. एका तुकडीपासून आरंभ करायला कोणाची आडकाठी आहे?

परंपरेचा गौरव व्यासपीठावरून पुष्कळ झाला. आता तो प्रयोगशाळेत दिसला पाहिजे.